तिन्ही रकान्यांत एकच भाव

संपादकांनी फोनवर विचारलं, बाजार समितीत कॉम्प्युटर कसा आला ते लिहाल का? मी म्हटलं, टेम्पोतून आला, हमालांनी उचलून आत ठेवला, लिहिण्यासारखं त्यात काय आहे? ते हसले. मग म्हणाले, नाना, दिवाळी अंकाला चार पानं लागतात. म्हणून बसलोय लिहायला. माझा स्वभाव थोडा तिरसट आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या बाजार समितीत भाव लिहायला होतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ऐंशी सालाच्या आगेमागे नोकरीला लागलो. हुद्दा कारकुनाचा, पण हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळे मला भाववाले नाना म्हणत. लग्नपत्रिकासुद्धा त्याच नावाने यायच्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भाव लिहिणं म्हणजे काय, ऐकायचं आणि लिहायचं. तसं नसतं. सकाळी घंटा झाली की यार्डात धान्याचे ढीग लागलेले असतात. लिलाव पुकारणारा पुढे, व्यापारी त्याच्या भोवती, आणि ही वरात एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे जात असते. मी मागून वही घेऊन. दिवस संपला की मला प्रत्येक मालाचे तीन आकडे काढायचे असत. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सगळ्यात कमी काय मिळाला, सगळ्यात जास्त काय मिळाला, हे कुणीही सांगेल. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावात जास्तीत जास्त माल गेला तो. तिथे पारख लागते. शेतकऱ्याच्या कामाचा आकडा तोच, बाकीचे दोन गप्पा मारायला.

हे आकडे मी दुपारी तारेने पाठवायचो. तारेला शब्दाप्रमाणे दर, त्यामुळे अख्खा बाजार मी पाच-सहा शब्दांत बसवायला शिकलो. संध्याकाळी रेडिओवर ते वाचले जायचे. आमची मंडळी चुलीपुढून ओरडून सांगायची, "तुमचा मूग वाचला हो!" मी ऐकलं नाही असं दाखवायचो, पण कान तिकडेच असायचे.

धुळ्याचा भाव हवा असला की ट्रंक कॉल. तो लागायला दुपार व्हायची आणि लागला की इतकं खरखरायचं की मी प्रत्येक आकडा ओरडून परत म्हणायचो, बरोबर ऐकलं की नाही ते कळायला. एकदा फोन ठेवून खिडकीबाहेर बघतो तर खाली चार व्यापारी पान खात उभे. धुळ्याचा भाव माझ्या आधी त्यांनी खिशात घातला होता. वर्षभर मी आरडाओरडा करून त्यांची फुकट चाकरी करत होतो! त्यानंतर मी खिडकी लावून घ्यायला लागलो, आणि एका व्यापाऱ्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

बाजाराच्या दिवशी यावलकडचे एक आबा एसटीने यायचे. शेत नाही, माल नाही. केळीच्या बागेत घड कापायला जायचे. माझ्या टेबलासमोर बसून सगळ्या मालाचे भाव विचारून घ्यायचे, मान डोलवायचे आणि जायचे. एकदा त्यांनी विचारलं, आपण कापतो ते केळं दिल्लीत कितीला विकत असेल? आमच्याकडे केळीचा लिलावच नव्हता, मी सांगणार काय! पुढे कॉम्प्युटर आल्यावर लांबलांबचे बाजार दिसायला लागले, तेव्हा पहिल्यांदा आठवले ते आबाच. पण तोवर त्यांचं येणं थांबलं होतं. कुठे राहतात हे मी कधी विचारलंच नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

तर कॉम्प्युटर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्याच्यासाठी एक खोली रंगवून घेतली, काचेचं दार बसवलं, चपला बाहेर काढायचा नियम केला. नारळ फुटला. सभापतींनी एक बटण दाबलं आणि लगेच हात मागे घेतला. नंतर आठवडाभर तो प्लॅस्टिकच्या झाकणाखाली बसून होता, कारण चालवणारं कुणी नव्हतं.

मग वैशाली आली. यावलची मुलगी, वडील एसटीत. तिने जळगावला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिला तात्पुरत्या नेमणुकीवर घेतलं होतं, म्हणजे सचिवांच्या मनात येईल तोपर्यंत. कमी बोलायची, पण समोरच्याला काय कळलं नाही हे तिला बरोबर कळायचं. बुद्धपौर्णिमेला डबाभर खीर आणायची आणि मला पहिली वाटी द्यायची. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, पोरी, तुझ्या या पेटीमुळे माझी वही जाणार. ती म्हणाली, नाना, वहीशिवाय पेटीत घालू काय?

दुपारी ती टेलिफोनच्या तारेवरून ते यंत्र जिल्ह्याशी जोडायची. आधी शिट्टी, मग घशातून काढल्यासारखे चित्रविचित्र आवाज, आणि मग आमचे आकडे जायचे. थोड्या वेळाने बाकीच्या समित्यांचे आकडे पडद्यावर यायचे. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचो. इतकी वर्षं मी एकाच यार्डात फिरलो होतो, आणि आता धुळे, चोपडा, नंदुरबार एका कागदावर! कुठे मूग आला, कुठे नाही, दोंडाईच्याची मिरची कशी गेली, सगळं दिसत होतं. खरं सांगतो, मला त्याचं वेडच लागलं. जेवणाचा डबा मी त्या खोलीत नेऊन खायला लागलो. चपला बाहेर काढून.

पण पाहता पाहता मला एक खोड लागली. दुसऱ्यांचे आकडे आणि आपले आकडे ताडून बघायची. आमचा आकडा खाली दिसला की माझं तोंड पडायचं, आणि वर दिसला की मी सचिवांना बोलावून दाखवायचो. जसा काही मूग मीच पिकवला होता.

आता एक चाल सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. नव्या हंगामाचा पहिला माल आमच्याकडे गणेशचतुर्थीला निघतो. एका शेतकऱ्याचा पोतं-दोन पोती मूग यार्डात मधोमध ओततात, हळदकुंकू वाहतात, शेतकऱ्याला टॉवेल-टोपी देतात आणि लिलाव पुकारतात. व्यापारी चढाओढीने बोलतात, दीडपट, पावणेदोनपट. तो मुहूर्ताचा भाव. ज्याच्या नावावर सौदा सुटतो तो त्या एका ढिगाला तेवढे पैसे हसत देतो, पेढे वाटतो. दुसऱ्या दिवशी त्या भावाने मूग मागायला गेलात तर तोच माणूस तुमच्याकडे बघून हसेल. यार्डातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मी तो आकडा वहीत तांबड्या शाईने लिहायचो आणि तारेत कधीच घालायचो नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

त्या वर्षी चतुर्थीला फक्त मुहूर्ताचाच ढीग होता. दुसरा मूग आलाच नव्हता. वैशालीसमोरच्या यंत्रात तीन रकाने होते आणि शेऱ्याला जागा नव्हती. तिने वही पाहिली आणि थांबली. तिने मला विचारलं की हा आकडा फारच वर दिसतोय, तांबड्या शाईतही आहे, टाकायचा की आज मूग रिकामा ठेवायचा?

इथे मी थापही मारू शकतो, पण नाही मारत. आदल्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या माझ्यासारख्याच एका कारकुनाने फोनवर मला टोमणा मारला होता, तुमच्या यार्डाचं नाव कागदावर सगळ्यात खालीच असतं बुवा. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मी म्हटलं, "टाक. बघू दे जिल्ह्याला." तिने पुन्हा विचारलं, किमान काय आणि सर्वसाधारण काय टाकू? ढीग एकच, तेव्हा भावही एकच. मी तिन्ही रकान्यांत तोच टाकायला लावला. संध्याकाळी कागद छापून आला, मुगाच्या यादीत आम्ही सगळ्यांच्या डोक्यावर. मी तो घडी घालून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची सुट्टी, मग लागून रविवार. बाजार बंद असला की ते यंत्र शेवटचा आकडा तसाच पुढे दाखवायचं, हे मला माहीत नव्हतं. वैशालीलाही नव्हतं. तीन दिवस आमचा मूग पडद्यावर झेंड्यासारखा फडकत राहिला.

सोमवारी सकाळी लिलावाच्या आधी एक मेटॅडोर फाटकातून आत आली. मुगाची पोती, वर ताडपत्री, आणि ड्रायव्हरशेजारी एक बाई. पन्नाशीच्या पुढची, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. सोनगीरच्या आतल्या बाजूच्या एका गावातून आली होती, अमळनेर मागे टाकून. तिला सगळे कमलअक्का म्हणत, हे तिच्याबरोबर आलेल्या दोन शेतकऱ्यांकडून कळलं. त्यांनीच बाकीचं सांगितलं. गावातला मूग दरवर्षी गावातलाच एक व्यापारी ओट्यावर बसून घ्यायचा, तो म्हणेल त्या भावाने. अक्का सातवी शिकलेली. गावातल्या बायकांची पत्रं, सोसायटीच्या नोटिसा, दवाखान्याचे कागद तीच वाचून द्यायची. पिढ्यान् पिढ्या ओट्यावर मूग घालणाऱ्या बारा घरांना तिने या वर्षी तयार केलं होतं की माल बाजारात न्यायचा. कारण धुळ्याकडच्या एका समितीच्या फाटकावर तिने सगळ्या बाजारांच्या भावांचा छापील कागद पाहिला होता आणि वहीच्या पानावर उतरवून घेतला होता. बारा घरं तिच्या वाचण्यावर विसंबली होती.

लिलाव झाला. मूग चालू भावाने मागितला गेला. अक्काने सौदा अडवला आणि थेट ऑफिसात आली. मी टेबलावर होतो. तिने वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं.

"भाऊ, हाऊ आकडा तुमनाच शे ना?"

आमचाच होता. मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, आणि हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही: "तिन्ही आकडा सारखाच व्हतात. मी म्हनं, आठे लहान-मोठा बठ्ठासले एकच भाव भेटस."

म्हणजे मी फुशारकीत तीन रकाने भरले, आणि त्या बाईने ते वाचून असं गाव डोळ्यांपुढे आणलं होतं जिथे कुणालाच कमी मिळत नाही. तिने वाचण्यात काडीचीही चूक केली नव्हती.

आवाज ऐकून सचिव आले, मागून दोन व्यापारी. सचिवांनी कागद पाहिला आणि चटकन तोडगा काढला. म्हणाले, आमच्याकडे नवीन मुलगी आहे, तिच्याकडून टायपिंगची चूक झाली, तिला आजच घरी पाठवतो. व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं, कारण मुहूर्ताचा भाव म्हणजे नुसती हौस असते हे परगावच्या शेतकऱ्यांसमोर तोंडाने बोलायची कुणाची तयारी नव्हती. काचेच्या दारापलीकडे वैशाली उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मला जास्त लागलं. बघितलं असतं तर मी कदाचित रागावून गप्प बसलो असतो, असा माझा स्वभाव.

मी उठलो. म्हटलं, टायपिंग बरोबर आहे. पोरीने मला दोनदा विचारलं, आणि मी सांगितलं म्हणून तिने टाकलं. मग मी अक्काला मुहूर्ताची सगळी चाल सांगितली. हळदकुंकू, टॉवेल-टोपी, पेढे, तांबडी शाई. ती उभ्याने ऐकत होती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"मंग हाऊ भाव कितला जनसले भेटना?"

"एकाला, अक्का. एका ढिगाला."

इतकी वर्षं मी भाव लिहिले, लोकांनी मला भाव विचारला. तो किती जणांना मिळाला, असं त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आते मी गावले काय सांगू?" रागाने नाही, मी खरोखरच सांगावं अशा आवाजात.

माल परत न्यायचा तर भाडं दुहेरी. तिने चालू भावाने विकला. भाडं वजा जाता गावच्या ओट्यापेक्षा फार काही हाती लागलं नसणार. निघताना ती पुन्हा माझ्याकडे आली आणि म्हणाली, हे जे तुम्ही सांगितलं, ते लिखी द्या. मी समितीच्या कागदावर लिहून दिलं, की छापलेला आकडा मुहूर्ताचा होता, तो माझ्या सांगण्यावरून घातला, वाचणाऱ्याची यात कसलीही चूक नाही. खाली सही, हुद्दा, शिक्का. तिने तो दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. मला थोडं हलकं वाटलं. वाटलं, चला, निदान तिची बाजू तरी राखली.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. आमच्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप झालेला तो पहिला कागद. वैशालीने तो मला देताना विचारलं, नाना, अक्षर बरं आलंय ना? आम्ही दोघंही हसलो, सचिव काचेतून बघत होते. माझी एक वेतनवाढ थांबली, तिची नोकरी राहिली. पुढच्या मुहूर्ताच्या आत तिने स्वतःच डोकं चालवून एक युक्ती काढली. मालाच्या यादीत मुगाच्या खाली तिने एक नवीन नाव घातलं: "मूग, मुहूर्त, एक ढीग". यंत्राला वाटलं ही मुगाची एखादी जात आहे. त्याने बिनतक्रार घेतलं. जिल्ह्याहून फोन आला, हा कुठला वाण? वैशालीने शांतपणे सांगितलं, हा फक्त चतुर्थीला पिकतो.

पुढच्या वर्षी मूग आला तेव्हा मी रोज फाटकाकडे बघायचो. कुणाला सांगितलं नाही, पण बघायचो. चतुर्थीनंतर दहा-बारा दिवसांनी एक टेम्पो आला, मेटॅडोर नव्हे, लहान. पुढे कमलअक्का. मी वही टाकून धावतच गेलो म्हणा ना.

चहा मागवला. या खेपेला ती बसली. तिने आधी पडद्यावरचे आकडे पाहून घेतले आणि वैशालीला विचारलं की काल किती ढीग या भावाने गेले. वैशालीने वहीतून मोजून सांगितले. अक्काला पटलं. मग मी विचारलं, बारा घरांचा माल एवढाच कसा?

म्हणाली, पाच घरं आली. बाकीची ओट्यावरच गेली.

मला राग आला. मी म्हटलं, अक्का, मी लेखी दिलं होतं ना? शिक्क्यानिशी! तो कागद तुम्ही त्यांना वाचून दाखवला नाही का?

तिने बशी खाली ठेवली. "नही दखाडा, नाना. वाची दखाडा असता, तं या बाजारमा परत कोनीच उनं नसतं. गाव म्हनं असतं, तठला लोके आकडा खोटा छापतस. मी गावमा सांगं, आकडा बरोबर व्हता, मन्हं वाचानं चुकनं."

शिक्का माझा, आणि चूक तिने स्वतःच्या वाचण्यावर घेतली होती. वैशालीने मान खाली घातली. मी विचारलं, आणि गावाने ते मानलं?

"हां, मानं ना," अक्का म्हणाली आणि उठली, कारण बाहेर लिलावाची घंटा झाली होती. "आते गावना कागद वाचाले मास्तरकडे जातस."